शिसवीचा लट्टू

इर्विन चौकात, सकाळी अकराच्या सुमारास, कोर्टाची आणि शाळेची गर्दी एकाच वेळी रस्त्यावर सांडलेली असताना सिंधूच्या हाताखाली दुसरा गिअर किंचाळला. भाकरीच्या पहिल्याच घासाला दाताखाली खडा यावा तसा तो आवाज तळहातातून मनगटात, मनगटातून खांद्यात आणि तिथून थेट कानशिलात चढला. लाल टू-सीटर उचकी लागल्यासारखी पुढे गेली आणि अडली. शेजारच्या टांगेवाल्यानं लगाम खेचून दात काढले, "काय वकीलसाहेब, घोडी बिचकली काय?" रस्त्याकडेला शाळेच्या तीन मुली दप्तरं छातीशी धरून उभ्या होत्या, त्यांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं. तेही सगळं सिंधूनं गिळलं असतं. गेल्या वर्षापासून, गॅदरिंगमध्ये वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस घेतल्यापासून, ती कुणाच्या हसण्याला भीक घालत नव्हती. पण चाकामागच्या नानांनी पुन्हा "दोन" म्हटलं, गिअर पडला, गाडी चौक ओलांडून गेली आणि मग नाना, वरणात मीठ कमी आहे असं सांगावं इतक्या सहज म्हणाले, "रमा बसते तेव्हा नाही बुवा असं होत."

झालं. एवढंच. शाळेच्या फाटकाशी ती उतरली, तेव्हा तिच्या उजव्या तळहातावर गिअरच्या दांडीवरल्या लट्टूचा गोल लालसर उमटला होता. इतिहासाच्या तासाला ती तो गोल पाहत बसली. सात वर्षं. सात वर्षं ती त्या डाव्या बाजूच्या जागेवर बसत आली होती आणि सात वर्षांत कुणी असं तुलना करून बोललं नव्हतं, कारण तुलना करायला दुसरं कुणी होतंच कुठं? गाडीच मुळी दोन माणसांची. जिनिंगचा एक गोरा मॅनेजर विलायतेला परत निघाला तेव्हा नानांनी ती त्याच्याकडून घेतली. आईनं अंगणात उभं राहून गाडीला हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, "घरात माणसं तीन आणि गाडीत जागा दोन. ही ज्यानं बनवली, त्याला एक तर बायको नसेल, नाही तर पोरगी." नाना हसले आणि पोरीला उचलून शेजारी बसवलं. आई कधी बसलीच नाही. म्हणायची, वारा डोक्यात जातो.

आणि मग तो हँडलचा दिवस. नाना डावरे. लिहायचे उजव्यानं, कारण पंतोजींनी छडीनं ते वळण लावलं होतं. पण जोर लावायची वेळ आली की डावा हात आपोआप पुढे यायचा. सिंधू नऊ वर्षांची होती. थंडीची सकाळ होती, गाडी सुरू होईना, नानांनी समोर लोखंडी हँडल खुपसून डाव्या हातानं फिरवलं आणि इंजिननं ते उलटं फेकलं. मनगट मोडलं. इस्पितळ सोडून गावाकडच्या आजीच्या ओळखीचा तिवशाचा हाडवैद्य बोलावला गेला. त्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, लेप दिला आणि महिन्याभरानं कामट्या सोडल्या तेव्हा मनगट जे लाकडासारखं ताठ निघालं ते निघालंच. कागदपत्रं काखेत धरायला, देवापुढं हात जोडायला आणि सिंधूच्या पाठीवर थाप द्यायला तो हात पुरायचा. गिअर टाकायला नाही. सगळे म्हणाले, आता विका गाडी. नानांनी सिंधूची पाटी घेतली, तिच्यावर रांगोळीची काढतात तशी चार टोकांची एक आकृती काढली आणि म्हणाले, "हे बघ. डावीकडं वर एक, खाली दोन. मग मध्ये यायचं, श्वास घ्यायचा. उजवीकडं वर तीन, खाली चार. पाय माझा, हात तुझा. जमेल?"

जमेल म्हणजे काय! मूळचा विलायती लट्टू तिच्या मुठीत मावत नव्हता, तर पुंजाराम सुतारानं दोऱ्यानं तिची मूठ मोजली आणि शिसवीचा एक लट्टू कातून दिला, आत आटे पाडून. तेव्हापासून कोर्ट, बडनेरा, अंबादेवी, संत्र्याच्या बागा, सगळीकडं नानांच्या पायाबरोबर सिंधूचा हात. पहिल्या वर्षी नाना आधी आकडा म्हणायचे आणि मग ती हात हलवायची. पुढं तिला त्या आकड्याची गरजच उरली नाही. इंजिनाचा सूर चढला की तिचं बोट शिवशिवायचं. "दो—" एवढं नानांच्या ओठांवर आलं की गिअर पडलेला असायचा. बाररूममध्ये नानांचे मित्र म्हणायचे, "कमलाकांतरावांचा डावा हात कन्याशाळेत शिकतो." हे ऐकून सिंधूला जे वाटायचं ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. पोटातून एक गरम लाट वर यायची आणि कानाच्या पाळीपर्यंत जायची. आपण नसलो तर हा माणूस फाटकाबाहेर पडू शकत नाही, यापरतं सुख काय असतं?

आणि जूनमध्ये रमाताई आली. अकोल्याची, माणिकआत्याची मुलगी. आत्याचे यजमान उन्हाळ्यात वारले, तिथं घरी मन लागेना म्हणून नानांनीच तिला आणलं, कॉलेजात घातलं. एक पत्र्याची ट्रंक, दोन वेण्या, आणि बोलणं कसं, तर दुसऱ्याचं वाक्य संपून खाली टेकल्याशिवाय ही तोंड उघडायची नाही. सिंधूनं अर्धं कपाट तिला मोकळं करून दिलं, शाळेतल्या सगळ्या भानगडी सांगितल्या, आपल्या शेजारी तिची गादी घातली. चार महिने ताई-ताई करून तिनं जीव टाकला होता हो! ऑक्टोबरात सिंधूला ताप आला. आठ दिवस. आणि त्या आठ दिवसांत नानांना कोर्टात तर जायचंच होतं.

तापातून उठून ती पहिल्यांदा पाटावर बसली, भाताची पेज होती, तेव्हा नाना आईला सांगत होते, "रमेचा हात हलका आहे. एका दिवसात शिकली. आवाज नाही की काही नाही." आई म्हणाली, "हं." रमाताई मान खाली घालून भात कालवत होती. तिची बोटं लांब, निमुळती, नखं स्वच्छ कापलेली. त्या बोटांनी माझा लट्टू धरला, असं सिंधूच्या मनात आलं आणि पेजेची चव गेली. लट्टू नऊ वर्षांच्या मुठीच्या मापाचा. आता तो सिंधूच्याही हातात थोडा लहानच व्हायचा. रमाताई तो कसा धरत असेल? मुठीत, की नुसत्या बोटांच्या टोकांनी, लिंबू धरावं तसा? हा विचार तिला अभ्यासात, वेणी घालताना, देवाला फूल वाहताना कुठंही येऊन टोचू लागला. बाभळीच्या काट्याला गाड्यांवरचा कापूस अडकून राहतो ना, वाऱ्यानं फडफडतो पण सुटत नाही, तसा.

मग नाना म्हणू लागले, "आज तुझा अभ्यास असेल, रमेला नेतो." पुढं, "रमेचं कॉलेज वाटेतच आहे." एका सकाळी सिंधू गच्चीवर जाऊन उभी राहिली. गाडी फाटकातून निघाली. पहिला. आता दुसरा, तिनं जीव कानात आणला. काही नाही. फक्त इंजिनाचा सूर खाली बसला आणि पुन्हा चढू लागला. तिसरा. काही नाही. पोस्टाच्या कोपऱ्यापर्यंत ती ऐकत राहिली आणि तो न आलेला प्रत्येक आवाज तिला ऐकू आला. कोपऱ्यावर नाना काहीतरी बोलले असावेत, कारण रमाताईची मान त्यांच्याकडं वळलेली दिसली. गच्चीवर आई वड्या वाळत घालत होती. तिनं मागं न पाहता विचारलं, "काहून उभी आहेस उन्हात? ताप जिरला नाही का अजून?" सिंधू म्हणाली, "जिरला." आई म्हणाली, "दिसत नाही."

इर्विन चौकातल्या किंचाळीनंतर तर काही विचारूच नका. सिंधूची पाळी आली की दुसऱ्या गिअरला खर्रर्र. कधी पहिल्याला. कधी उतरताना, तिसऱ्यातून दुसऱ्यात. ती दात-ओठ खाऊन आणखी चपळाईनं टाकायची, तर आणखी मोठ्यानं. नानांनी आधी गाडीवर संशय घेतला. रविवारी फळ्या उचलून गिअरच्या पेटीतलं तेल पाहिलं, दांडीचा खिळा पाहिला, इंग्रजी पुस्तक वाचून क्लचच्या पेडलची चाल बोटांनी मोजली. सगळं ठाकठीक. मग वकिली डोकं चाललं. पुरावा गोळा करायचा म्हणून त्यांनी एक वही केली, तारीख घालून. गार असताना की गरम झाल्यावर, चढावर की सपाटीवर. सिंधूनं ती वही एकदा उघडून पाहिली. नानांचं सुबक, वळणदार अक्षर. 'सिंधू: खर्र. रमा: नाही. सिंधू: खर्र, दोनदा. रमा: नाही. रमा: नाही.' प्रगतिपुस्तकात तिला कधी लाल शेरा मिळाला नव्हता. तिनं वही मिटून जागेवर ठेवली, अगदी होती त्याच तिरकसपणानं.

त्याच संध्याकाळी सगळे ओसरीवर संत्री सोलत बसले असताना ती म्हणाली, "गिअर रमाताईनंच बिघडवला." वाक्य तोंडातून निघालं आणि मग त्याला हातपाय फुटत गेले. "ती हळू हळू ओढते ना, त्यानं आतले दात झिजतात. तिच्या वेळी आवाज येत नाही, पण नासाडी होते. मग मी बसले की तो बोंबलतो. ऑक्टोबरच्या आधी कधी आला होता आवाज? सांगा ना, नाना, आला होता?" वक्तृत्वाचं बक्षीस काय उगाच मिळालं होतं! नाना विचारात पडले. आईनं एक बी थुंकून टाकली. रमाताईनं हातातल्या फोडीवरचा पांढरा दोरा सावकाश सोडवला, आणि फोड नानांच्या हातावर ठेवली. तिनं एकदा तरी 'नाही' म्हणायचं होतं. भांडली असती तर सिंधूला किती बरं वाटलं असतं.

"ठीक," नाना म्हणाले. "नाताळात कोर्ट बंद आहे. अकोल्याला गोवर्धनकडं नेऊ, पेटी उघडू. पेटीत दोष निघाला तर रमा पुन्हा बसणार नाही. नाही निघाला तर दोष हातात. मग सिंधूबाई, उतरायचं. जिचा हात चांगला, तिनं बसायचं. मान्य?"

"मान्य," सिंधू म्हणाली. रमाताईला कुणी विचारलंच नाही.

नाताळची सुट्टी लागताच रमाताई आगगाडीनं आधी अकोल्याला आईकडं गेली आणि दोन दिवसांनी नाना आणि सिंधू गाडीनं निघाले. बडनेऱ्याच्या पुढं रस्ताभर कापसाच्या बंड्या, बैलांच्या घुंगरांचा आवाज, हवेत तरंगणारा कापूस. एरवी ह्या रस्त्यावर सिंधू मोठमोठ्यानं गायची आणि नाना चुकीचे ताल धरायचे. आज ती गप्प होती. बंडी आडवी आली की नाना म्हणायचे, "दोन," आणि ती हात हलवायची, आणि खर्रर्र, बैल कान टवकारायचे. प्रत्येक खर्रर्रला तिला लाजही वाटत होती आणि आतून एक दुष्ट आनंदही होत होता. होऊ दे. आणखी बिघडू दे. मूर्तिजापूरला चहासाठी थांबले तेव्हा नाना उतरताना क्षणभर दाराला धरून उभे राहिले, म्हणाले, "पायाला मुंग्या आल्या, बसून बसून." ती म्हणाली, "हं," आणि मनात अंबादेवीशी तिचा व्यवहार चालूच होता: आई, एक दात, पेटीतला एकच दात तुटलेला निघू दे. तुला खण वाहीन. चांगला मोठा तुकडा पडलेला असू दे, हातात घेऊन दाखवता येईल असा.

गोवर्धन मिस्त्रीची जागा जुन्या कापूसबाजाराच्या मागं, एका कडुलिंबाखाली. गोऱ्या मॅनेजरच्या वेळेपासून ही गाडी त्याच्याच हाताखालची. जाडजूड, पांढऱ्या मिशांचा, गालात तंबाखू धरून बोलणारा. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, म्हशीच्या पाठीवर थोपटावं तसं बॉनेटवर थोपटलं आणि पेटी उघडायचं नावच घेईना. सिंधूला डाव्या जागेवर बसवलं. इंजिन बंद. "टाका ताई. एक. दोन. तीन." लोण्यातून सुरी फिरावी तसा लट्टू फिरला. मग स्वतः नानांच्या जागेवर बसून इंजिन सुरू केलं, क्लच दाबला. "आता टाका." एक, दोन, दोनातून एक, पुन्हा दोन. चकार शब्द नाही. रस्त्यानं एक फेरी मारली, तरी आवाज नाही. तिचाच हात, तोच लट्टू, आणि गाडी कशी शहाण्या पोरीसारखी. गोवर्धननं खाली उतरून हात पुसले. "पेटीले काई झालं नाई, साहेब. निरोग्या मानसाचं पोट कोन फाडते?"

"मग आवाज कशाचा?" नाना म्हणाले.

तेवढ्यात रमाताई आत्यानं दिलेला जेवणाचा डबा घेऊन आली. गोवर्धननं तिच्याकडं पाहिलं, सिंधूकडं पाहिलं, आणि विचारलं, "ह्याच का त्या दुसऱ्या ताई?" मग त्यानं कमरेची चुन्याची डबी काढली. बोटावर चांगला गोळाभर ओला चुना घेतला आणि वाकून क्लचच्या पेडलच्या बरोबर खाली, फळीवर, थापला. "कायले?" नाना म्हणाले. "दृष्ट काढतो गाडीची," गोवर्धन म्हणाला. "बसा साहेब तुमी. आंदी लहान्या ताई. बाजारापर्यंत जा आन् या."

गेले. नाना म्हणाले, "दोन," आणि तिनं टाकला, आणि खर्रर्र. नानांनी दचकून पाय उचलला, गाडी अडली, पुन्हा निघाली. परत आले. गोवर्धननं पेडलमागं बोट फिरवून पाहिलं. मग रमाताई बसली. सिंधू कडुलिंबाखाली डबा धरून उभी. डबा गरम होता, आत्याच्या हातचं वांग्याचं भरीत असणार, वास येत होता, आणि तिला भूक लागलेली असूनही त्या वासाची शिसारी आली. गाडी गेली तशी आली. आवाज नाही की काही नाही. नाना उतरले, खुशीत होते; माठाकडं पाणी प्यायला गेले. रमाताई तिथंच बसून राहिली, हात मांडीवर.

"या लहान्या ताई, वाका," गोवर्धन हळूच म्हणाला. सिंधू वाकली. पेडलची मागची बाजू पांढरी झाली होती. चुन्यावर पेडलचा ठसा स्वच्छ उठला होता, खालच्या रेघांसकट. "तुमच्या येळेस कोरडी होती. आता पांढरी हाय. पाय तोच, साहेबाचाच. आता बोला."

इतकं सरळ गणित वर्गात फळ्यावर असतं तर सिंधूनं सगळ्यांच्या आधी हात वर केला असता. गोवर्धननं तंबाखूची पिंक बाजूला टाकली. "साहेबाचं तोंड आंदी म्हन्ते 'दोन', आन् पाय येते मांगून. पयले अर्धा जाते, दम खाते, मंग पुरा बसते. पुरा बसल्याबिगर टाकला त गिअर बोंबलते. तुमी तोंडाचं आयकता, ताई. ह्या पायाचं आयकून राहिल्या."

माठाशी नाना ओंजळीनं पाणी पीत होते, उजव्या हातानं. डावा हात लाकडाच्या पळीसारखा बाजूला. सिंधू त्यांच्याकडं पाहत रमाताईला म्हणाली, "तुला माहीत होतं."

"त्यांची डावी चप्पल बघ. अंगठ्याकडं." रमाताई नेहमीसारखी थांबून थांबून बोलत होती. "बाबांचीपण तशीच झिजायची. आम्ही दोन वर्षं चपलेलाच बोल लावत राहिलो."

चप्पल. रोज सकाळी नानांच्या चपला ओसरीवर सरळ करून ठेवायचं काम सिंधूचंच. रोज ती त्या हातात घेत होती. डावीचा पुढचा काठ कुरतडल्यासारखा झाला होता आणि तिला वाटलं होतं, उंदीर. तिला मूर्तिजापूर आठवलं, दार धरून उभे असलेले नाना आणि आपलं 'हं'. "मला सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, आणि आवाज तिला हवा होता त्याहून बारीक निघाला.

"मी कुणालाच नाही सांगितलं. पहिल्या दिवशी त्यांचा पाय बसायला वेळ लागला, मी थांबले, तेव्हा मामांनी माझ्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं गं. मग कसं सांगणार? मामींना आपोआप कळलंय. कोर्ट उघडायच्या आत नागपूरच्या डॉक्टरकडं नेणार आहेत. तोवर चालवू दे म्हणाल्या त्यांना."

म्हणजे आईलाही. म्हणजे त्या घरात, त्या ओसरीवर संत्री सोलताना, सगळ्यांना ठाऊक होतं, आणि बोलत होती एकटी सिंधू. पण त्याहून दुसरीच एक गोष्ट तिला जाळत गेली, आणि ती किती हलकी आहे हे कळत असूनही जाळत गेली: नानांनी पाहिलं होतं. ते पाहणं. सात वर्षं शेजारी बसून तिच्या वाट्याला शाबासकी आली, थाप आली, हसणं आलं. आणि जे एकदाच यायचं होतं ते आठ दिवसांच्या तापात दुसरीकडं गेलं. आणि रमाताईला ते कुठून मिळालं, तर स्वतःचे वडील गमावून. तिचा हेवा करायचा तर तो तरी कसा करायचा? तरी तो होत होता. थांबत नव्हता. सिंधूला वाटलं, आपण फार वाईट मुलगी आहोत, आणि वाटलं की तरीही तो पाय माझा होता. पाय माझा, हात तुझा, असं नाना म्हणाले होते खरे, पण सात वर्षांत तिनं दोन्ही आपलेच धरून टाकले होते.

नाना मिशा पुसत आले. कोर्टात उभे राहतात तसे, अंगठा कोटाच्या काठात अडकवून. "हं, गोवर्धन. कोण दोषी?"

गोवर्धननं डबीचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. रमाताई मांडीवरचे हात पाहत होती. कडुलिंबाचं एक पिवळं पान बॉनेटवर पडलं. एक वाक्य. चुन्याचा ठसा दाखवायचा, आणि सिंधूची बाजू धडधडीत शाबीत. हात निर्दोष. जागा तिची. आणि नाना पुन्हा त्या पेडलवर पाय ठेवणार नाहीत, आज, इथूनच. तिला नानांची डावी चप्पल दिसत होती. धुळीत तिच्यामागं एक रेघ उठली होती, माठापासून इथपर्यंत, बारीक, कुणीतरी काडी ओढत आणावी तशी.

"मी," सिंधू म्हणाली. "मीच घाई करते. पेटी चांगली आहे. माझा हातच उतावळा."

नाना काही क्षण तिच्याकडं पाहत राहिले. त्या पाहण्यात काय होतं, हे पुढं कितीतरी दिवस ती स्वतःला विचारत राहणार होती. मग त्यांनी तो ताठ हात उचलून तिच्या पाठीवर ठेवला. थाप दिली नाही, नुसता ठेवला. "निकाल मान्य?"

"मान्य."

"मग जाताना रमा बसेल. तू उद्या आगगाडीनं ये. स्टेशनवर आत्या पोचवेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याच्या दारात गाडी उभी होती. नाना आत आत्याशी बोलत होते, रमाताई वेणी घालत होती. सिंधू डाव्या बाजूनं वाकली, शिसवीचा लट्टू मुठीत धरला आणि उलटा फिरवला. सात वर्षांचे आटे, आधी हलेनात, मग एकदम सुटले. उघडी लोखंडी दांडी वर राहिली, थंड, टोकाला आटे असलेली. लट्टू पोलक्यात टाकून ती आत गेली आणि आत्याच्या हातचे तीन लाडू खाल्ले. रमाताई गाडीत बसली तेव्हा तिला दिसलं असणारच. तिनं वर पाहिलं, सिंधूनंही पाहिलं. गाडी आत्याच्या बोळातून गेली, पहिला, दुसरा, शांत.

पॅसेंजर गाडीत सिंधूला खिडकी मिळाली. समोर तेल्हाऱ्याची एक म्हातारी बसली होती, तिनं विचारलं, "एकलीच काहून चाल्ली माय? संगं कोनी नाई?" सिंधू म्हणाली, "आहे ना. ते रस्त्यानं येताहेत." म्हातारीला काही ते पटलं नाही. मूर्तिजापूरच्या अलीकडं गाडी हळू झाली आणि फाटक आलं. फाटकामागं कापसाच्या बंड्यांची रांग, आणि दोन बंड्यांच्या मधे, पांढऱ्यात कुंकवाचा ठिपका पडावा तशी, लाल टू-सीटर. नाना उजव्या हातात चाक धरून, मान वर करून डबे मोजत होते. लहानपणी सिंधूबरोबर मोजायचे तसेच. रमाताईनं लोखंडी दांडीभोवती पदराचा काठ गुंडाळला होता आणि त्यावर हात ठेवला होता. त्या दोघांनी तिला पाहिलं नाही. सिंधूनं हाक मारली नाही.

शेवटचा डबा फाटक ओलांडून गेला तशी ती खिडकीतून वाकली. फाटक उघडताना दिसलं, बंड्या हलल्या, लाल गाडी निघाली. आगगाडीच्या खडखडाटात इकडं काय ऐकू येणार? तिनं मांडीवर, परकराच्या घडीत, लट्टू मुठीत धरला. घामानं तो गरम झाला होता. नानांच्या ओठांवर आता आकडा आला असेल. तिचा हात सवयीनं पुढं सरला आणि तिनं तो थोपवला. अर्धा गेला. दम खाल्ला. थांब, थांब, अजून नाही. समोरची म्हातारी तिच्या मुठीकडं पाहत होती. मग सिंधूनं लट्टू सावकाश खाली ओढला.